सी शिकायला सुरुवात: टर्बो सी, कोडब्लॉक्स की व्हीएस कोड?

नवशिका_सी
विंडोज ११, ८ जीबी रॅम. सी अगदी पहिल्यापासून शिकतोय. हाताशी असलेल्या पुस्तकातले प्रोग्राम टर्बो सीसाठीचे आहेत, म्हणजे 'व्हॉइड मेन', 'क्लिअरस्क्रीन' वगैरे. व्हीएस कोड टाकला, त्याचं सी-सी++ एक्स्टेन्शनही घेतलं, तरी टर्मिनलमध्ये 'जीसीसी' ही कमांडच ओळखत नाही. इथेच खटपट करू, कोडब्लॉक्स घेऊ, की सरळ टर्बो सी?

बाइटभर
व्हीएस कोड हा एडिटर आहे, त्यात कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) नसतो. एक्स्टेन्शनमुळे रंग, सूचना आणि डीबगरची (चुका शोधायच्या साधनाची) जोडणी मिळते. कोडची एक्झी (चालवता येणारी फाइल) करणारा कंपायलर, म्हणजे जीसीसी, वेगळा बसवावा लागतो.

आज लगेच प्रोग्राम चालवायचा असेल तर कोडब्लॉक्स घ्या, त्यात एडिटर आणि कंपायलर एकत्र मिळतात. फक्त डाउनलोड करताना नावात 'मिंगडब्ल्यू-सेटअप' असलेलीच फाइल घ्या (मिंगडब्ल्यू म्हणजे विंडोजसाठीचा जीसीसी). नुसती 'सेटअप' घेतलीत तर तिच्यातही कंपायलर नसतो आणि तुम्ही पुन्हा याच एररपाशी येता. नंतर सेटिंग्जमधल्या कंपायलरच्या पानावर '-वॉल' (डब्ल्यू कॅपिटल) या वॉर्निंग दाखवणाऱ्या पर्यायावर टिक करा. स्कॅनएफमध्ये (इनपुट वाचणारं फंक्शन) अँपरसँड (&) लिहायचा राहिला तर वॉर्निंगशिवाय प्रोग्राम बहुधा मुकाट कंपाइल होतो आणि चालवल्यावर कोसळतो. '-वॉल' असेल तर ओळीच्या नंबरासकट आधीच कळतं.

फाइलचा शेवट 'डॉट सी' हवा. 'डॉट सीपीपी' ठेवलीत तर ती सी++ म्हणून कंपाइल होते आणि कास्ट न केलेला (प्रकार बदलून न घेतलेला) मॅलॉक, म्हणजे मेमरी मागणारं फंक्शन, तोसुद्धा एरर देतो.

अर्धविराम
टर्बो सी नकोच. तो १६ बिटांचा आहे, ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालतच नाही, डॉसबॉक्स (जुने डॉसचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) लागतो. शिवाय त्यात इंट (पूर्णांकाचा प्रकार) २ बाइटांचा, कमाल ३२७६७. ७ चं फॅक्टोरियल ५०४० बरोबर येतं. ८ चं ४०३२० यायला हवं, तिथे −२५२१६ दिसतं. शिकणारा लूपमधली चूक शोधत बसतो, आणि लूप बिचारा ठीक असतो. (जीसीसीतही हे घडतं, पण १३ च्या फॅक्टोरियलला.)

पुस्तक फेकू नका. 'व्हॉइड मेन'च्या जागी 'इंट मेन' लिहा, 'क्लिअरस्क्रीन'ची ओळ खोडा. 'गेटसीएच' (एक कळ वाचणारं फंक्शन) मिंगडब्ल्यूच्या कोनिओ हेडर फाइलमध्ये मिळतं. ग्राफिक्सचं प्रकरण मात्र सोडून द्या.

व्हीएस कोडच हवा असेल तर एमएसवायएस-२ (विंडोजवर जीसीसीसारखी साधनं बसवून देणारं सॉफ्टवेअर) बसवा, त्याच्या यूसीआरटी-६४ टर्मिनलमधून जीसीसी आणि जीडीबी (डीबगर) घ्या, आणि सी ड्राइव्हवरच्या 'एमएसवायएस६४' फोल्डरमधल्या 'यूसीआरटी६४'चा 'बिन' फोल्डर विंडोजच्या पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) घाला. त्यानंतर व्हीएस कोड पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आधीच उघड्या टर्मिनलला नवा पाथ दिसत नाही. इथेच बहुतेकांचा तासभर जातो.

नवशिका_सी
एमएसवायएस-२ झालं, जीसीसी आवृत्ती दाखवतो. पण आता 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन'. मी विंडोजचं काही लिहिलंच नाहीये!

बाइटभर
लिंकरला (कंपाइल झालेले भाग जोडून एक्झी करणाऱ्या साधनाला) 'मेन' सापडलं नाही की मिंगडब्ल्यू असं बोलतो. एक तर 'मेन'चं स्पेलिंग बघा, नाहीतर फाइल सेव्हच झालेली नाही आणि डिस्कवरची प्रत रिकामी आहे. टॅबवर नावाशेजारी भरीव ठिपका असेल तर दुसरं कारण. ऑटो सेव्ह चालू करा.

पुढे 'परमिशन डिनाइड' येईल तेव्हा अँटीव्हायरसला लगेच दोष देऊ नका. बहुतेक वेळा आधीची एक्झी इनपुटची वाट बघत अजून चालू असते, म्हणून लिंकरला तिच्यावर लिहिता येत नाही. त्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबा.

अर्धविराम
आणि ते 'रन'चं बटण सध्या विसरा. जीसीसीची ओळ '-वॉल -जी'सकट हाताने टाइप करा. '-जी' नसेल तर जीडीबीला ओळींचे नंबर आणि व्हेरिएबलांची नावं कळत नाहीत. जीडीबीत 'ब्रेक मेन', 'रन', 'नेक्स्ट', 'प्रिंट' एवढ्या चार कमांड सध्या खूप झाल्या.