हंगेरी की स्लोव्हाकिया? सासूबाईंच्या आजोबांचे मूळगाव शोधण्यासाठी सल्ला हवा आहे

क्लीव्हलंडची सून :

नमस्कार. माझ्या सासूबाई आता ८६ वर्षांच्या आहेत आणि आपल्या आजोबांचे मूळगाव एकदा तरी कळावे, अशी त्यांची फार इच्छा आहे. आजोबा १९०९ साली, पंचविशीत असताना, जहाजाने अमेरिकेत आले. १९१० च्या जनगणनेत त्यांचा जन्मदेश हंगेरी लिहिला आहे, तर १९३० च्या जनगणनेत चेकोस्लोव्हाकिया. घरातले जुने प्रार्थनापुस्तक स्लोव्हाक भाषेत आहे, पण त्यांचे आडनाव टोट, आणि ते अस्सल हंगेरियन असल्याचे सगळे सांगतात. इथे त्यांना जॉर्ज म्हणत. जहाजाच्या यादीत जन्मगावाच्या रकान्यात ‘होमोना’ असे काहीसे वाचता येते. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितले की वही निघते. इथे मात्र विचारणा कोणत्या देशाकडे करावी, येथूनच माझी अडचण सुरू होते. कोणी असा शोध घेतला असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

कॉशित्सेकर :

मी नोकरीनिमित्त पूर्व स्लोव्हाकियात स्थायिक झालो असून पत्नीच्या घराण्याची वंशावळ याच वाटेने तयार केली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आधी देशाचा विचार बाजूला ठेवा, कारण तुमच्याकडची दोन्ही कागदपत्रे खरी आहेत. १९१८ पर्यंत आजचा सगळा स्लोव्हाकिया हंगेरीच्या राज्यात होता. त्या वर्षी चेकोस्लोव्हाकिया स्थापन झाला आणि ४ जून १९२० च्या त्रियानों कराराने नव्या सीमेवर शिक्कामोर्तब झाले. मी राहतो ते कॉशित्से शहर १९३८ साली पुन्हा हंगेरीत गेले, १९४५ मध्ये परत आले, आणि १९९३ पासून स्वतंत्र स्लोव्हाकियात आहे. अर्ज करताना ‘हंगेरीत जन्म’ एवढेच लिहिलेत तर उत्तर येणार नाही. शोध लागतो तो गाव आणि पंथ या दोन गोष्टींवर.

होमोना म्हणजे बहुधा होमोन्ना, आजचे हुमेन्ने. ते जुन्या झेम्प्लेन परगण्यात होते आणि गुंतागुंत नेमकी इथे आहे. परगण्याचे मुख्य ठाणे शातोराल्याउय्हेय हंगेरीत राहिले, उत्तरेचा मोठा भाग पलीकडे गेला, आणि सीमा त्या शहरातूनच, रोन्यवा नावाच्या लहानशा ओढ्यावरून गेली. त्यामुळे चर्चच्या वह्या स्लोव्हाकियाच्या सरकारी अभिलेखागारात, तर परगण्याचे जुने दप्तर हंगेरीत, अशी विभागणी झाली आहे. चर्चच्या नोंदींची दुसरी प्रत परगण्याकडे जमा करण्याचा कायदा १८२७ साली झाला होता, म्हणून मूळ वही गहाळ असली तरी आशा सोडू नये. सरकारी जन्मनोंदणी १ ऑक्टोबर १८९५ ला सुरू झाली. तुमचे आजोबा त्याआधी, १८८४ च्या सुमारास जन्मलेले, म्हणजे तुम्हाला बाप्तिस्म्याची वहीच पाहावी लागेल. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर अशा वह्यांची छायाचित्रे विनामूल्य आहेत. तेथे १८६९ च्या जनगणनेची घरवार पानेही मिळतात, त्यांत आजोबांच्या आईवडिलांचे घर सापडू शकेल.

आडनावाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. जुन्या हंगेरियन भाषेत ‘टोट’ म्हणजेच स्लोव्हाक, त्यामुळे हे आडनाव हंगेरियन असले तरी बहुतेक वेळा पूर्वज स्लोव्हाक असल्याचेच सांगते. नावांचेही तसेच आहे. जॉर्ज हा लॅटिन नोंदीत गेओर्गिउस, हंगेरियनमध्ये ड्यॉर्ज आणि स्लोव्हाकमध्ये युराय असेल. पत्नीच्या पणजोबांना घरात व्होय्तेख म्हणत आणि त्या नावाने मी जवळजवळ वर्षभर पाने चाळली. शेवटी वडिलांच्या नावावरून आणि घर क्रमांकावरून नोंद सापडली, तेव्हा तिथे तपकिरी पडलेल्या शाईत ‘अदाल्बेर्तुस’ लिहिलेले होते. हंगेरियनमध्ये तोच बेला. हे आधी ठाऊक असते तर ते वर्ष वाचले असते.

ग्रंथपाल पिट्सबर्ग :

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. मात्र स्थलांतरित माणूस पुष्कळदा आपल्या खेड्याऐवजी जवळच्या मोठ्या गावाचे नाव सांगत असे, म्हणून होमोन्नावर लगेच विसंबू नये. खरे खेडे अमेरिकेतच सापडण्याची शक्यता जास्त आहे. लग्न ज्या चर्चमध्ये झाले तिथल्या विवाहनोंदीत बाप्तिस्म्याचे गाव अनेकदा लिहिलेले असते. स्लोव्हाक लोकांच्या विमा देणाऱ्या परस्पर साहाय्य संस्थाही होत्या. त्यांतील फर्स्ट कॅथलिक स्लोव्हाक युनियन ही तर १८९० साली तुमच्याच क्लीव्हलंडमध्ये स्थापन झाली. अशा संस्थांचा जुना दाखला घरात कुठे आहे का, ते सासूबाईंना विचारावे.

क्लीव्हलंडची सून :

दोघांचे मनःपूर्वक आभार. दाखल्याचे सासूबाईंना आठवत नाही. मात्र आजोबांच्या थडग्याचे छायाचित्र त्यांनी काढून दिले. त्यावरील क्रुसाला तीन आडव्या पट्ट्या असून सर्वांत खालची तिरपी आहे. याचा काही उपयोग होईल का?

कॉशित्सेकर :

फारच उपयोग होईल! तसा क्रूस पाहता घराणे बहुधा ग्रीक कॅथलिक, म्हणजे पोपला मानणारे पण पूजाविधी पूर्वेकडच्या पद्धतीने करणारे, असावे, आणि होमोन्नाच्या आसपास त्या पंथाची बरीच खेडी आहेत. तेव्हा रोमन कॅथलिक वह्या तूर्त बाजूला ठेवून ग्रीक कॅथलिक वह्या पाहाव्यात. लहान खेड्याला स्वतःचे चर्च नसले तर नोंद शेजारच्या गावात झालेली असते. कोणते खेडे कोणत्या चर्चला जोडलेले होते, हे १८७७ च्या द्वोर्झाकच्या ग्रामकोशात पाहता येते. काही पाने सिरिलिक, म्हणजे रशियन ज्यात लिहितात त्या लिपीत असतील. ती वाचायला अडचण आल्यास छायाचित्र इथे टाकावे, माझ्या सासूबाईंना ती लिपी उत्तम वाचता येते. विमा संस्थाही मग दुसरी शोधावी लागेल : ग्रीक कॅथलिक युनियन, स्थापना १८९२, विल्क्स-बॅरी, पेनसिल्व्हेनिया.