रेड अलर्ट असताना शाळेची सुट्टी आदल्या रात्रीच जाहीर करावी की सकाळी पाऊस बघून?

घणसोलीची_आई
नमस्कार मंडळी, मुलगी तिसरीत आहे, सकाळची शाळा, बस सव्वासहाला गेटवर येते. मागच्या पावसाळ्यात एका रात्री पालकांच्या ग्रुपवर साडेअकरापर्यंत "उद्या आहे का शाळा" हेच चालू होतं, शाळेकडून काहीच उत्तर नाही, मग पाचला उठून डबा केला, रेनकोट चढवून तिला बसमध्ये बसवलं आणि ६.५० ला मेसेज आला की आज सुट्टी. बस तोवर शाळेजवळ पोचली होती, परत फिरली ती अंडरपासखालच्या पाण्यात अडकली आणि पोरगी घरी आली पावणेनऊला. मोजे पिळले तर मगभर पाणी निघालं, बसमधल्या मावशींनी तिला कडेवर घेऊन उतरवलं म्हणून निभावलं. मी अजून विसरले नाहीये ते.
आता मी पालक-शिक्षक संघात आहे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कलेक्टर किंवा महापालिका आयुक्तांचा आदेश आला की प्रश्नच नाही, पण तो नसताना शाळेने काय करायचं ते तुम्हीच सुचवा. आदल्या रात्री सुट्टी द्यावी आणि सकाळी ऊन पडलं तर लोक ओरडतात, सकाळी ठरवावं तर बस निघालेल्या असतात. तुमच्याकडे काय करतात?

कोपरीतले_सर
ताई, २२ वर्षं शिकवतोय, माझं मत सांगतो. आधी हे लक्षात घ्या की अलर्ट जिल्ह्याला असतो. ठाणे जिल्हा म्हणजे शहापूर-मुरबाडपासून मीरा-भाईंदरपर्यंत, सगळ्याला एकच रंग. रेड म्हणजे २४ तासांत २०४.४ मिमीपेक्षा जास्त पाऊस पडू शकतो, पण तो जिल्ह्यात कुठे कुठे पडू शकतो, सगळीकडे पडेलच असं नाही. २६ जुलै २००५ आठवतो ना, सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला शंभरसुद्धा नाही! अंतर किती, तर लोकलने तासाभराचं. त्यामुळे मुरबाडला धो धो आणि घणसोलीत कोरडं असं होणारच, त्यात हवामान खात्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही.
पण शिक्षक म्हणून मला सकाळपेक्षा दुपारची भीती जास्त वाटते. अकरा वाजता अंधारून येतं, कुणीतरी म्हणतं सोडून द्या पोरांना, आणि हजारभर मुलं एकदम रस्त्यावर, त्याच वेळी दुपारच्या अधिवेशनाची मुलं आत येतायत. एकदा पहिलीतला एक मुलगा संध्याकाळी पाचपर्यंत माझ्याशेजारी स्टाफरूममध्ये बसला होता, आईबाबा दोघंही ट्रेनमध्ये अडकलेले, फोन लागेना. त्याला मी माझ्या डब्यातली पोळी-भाजी दिली, तो खाईचना, सारखा दाराकडे बघत होता.

परत_आलो_ठाण्यात
सर बोलले ते अगदी बरोबर. मी नऊ वर्षं न्यू जर्सीत होतो, तिकडे बर्फासाठी हाच पेच दर हिवाळ्यात पडतो. तिकडचे सुपरिटेंडंट, म्हणजे त्या गावच्या सगळ्या शाळांचे प्रमुख, पहाटे चारला उठतात, रस्ते साफ करणाऱ्यांशी बोलतात, कधी स्वतः गाडी काढून रस्ते बघून येतात आणि साडेपाचच्या आसपास निर्णय. आणि त्यांच्याकडे मधला पर्याय असतो, दोन तास उशिरा शाळा, तेवढ्यात उजाडतं, रस्ते मोकळे होतात. आपल्याकडे हा कुणी वापरत नाही.
दोन उदाहरणं सांगतो. २८ जानेवारी २०१४, अटलांटात बर्फ पडला जेमतेम अडीच इंच. आधी सुट्टी दिलीच नव्हती, मग दुपारी शाळा, ऑफिसं, सरकारी कचेऱ्या सगळं एकदम सोडलं आणि सगळे रस्ते गच्च. हजारो मुलं रात्रभर शाळेत झोपली, काही बसमध्येच. दुसरं पुढच्याच वर्षी, २०१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला दोन-तीन फुटांचा अंदाज होता, सबवेसकट सगळं बंद केलं, आणि सेंट्रल पार्कात पडला ९.८ इंच. वादळ जरा पूर्वेला सरकलं, लाँग आयलंडच्या त्या टोकाला खरंच दोन फूट पडला. हवामान खात्याच्या एका अधिकाऱ्याने ट्विटरवर जाहीर माफी मागितली. लोक चिडले, पण एक दिवस घरी बसले एवढंच. म्हणून मी म्हणेन की सुट्टी वाया गेली तर जाऊ दे, मुलं शाळेत पोचल्यावर मधेच सोडणं हा सगळ्यात वाईट निर्णय.

सानपाडा_सेक्टर
नवी मुंबईवाल्यांनी नुसता पाऊस बघू नका, भरतीची वेळ बघा. आपला बराच भाग खाडीत भराव टाकून झालाय, भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, म्हणून तर सिडकोने होल्डिंग पाँड, म्हणजे पावसाचं पाणी साठवायचे तलाव बांधले. भरती मोठी असली की त्यांचे फ्लॅप गेट, म्हणजे खाडीकडची झडपेसारखी दारं, पाण्याच्या दाबाने बंद होतात आणि पावसाचं पाणी आतच तुंबतं. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येते दुपारी बारा-एकला, म्हणजे नेमकी शाळा सुटायच्या-भरायच्या वेळेला! भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी कळतं, त्यात अनिश्चित काहीच नाही. ऑरेंज अलर्ट आणि दुपारची साडेचार मीटरच्या वरची भरती एकत्र आली तर आमच्या सोसायटीत आम्ही गाड्या आदल्या रात्रीच वर काढतो, शाळेला एवढं जमायला हरकत नाही.

कळव्याची_सुनीता
सगळं पटतंय, पण माझंही ऐका. मी पोळी-भाजी केंद्रात कामाला आहे, सुट्टी घेतली की दिवसाची मजुरी गेली. नवरा रिक्षा चालवतो. रात्री आठला कळलं तर मी पोराला दिव्याला आईकडे सोडून येते, सकाळी सातला कळलं तर त्याला घरात एकटं ठेवून बाहेरून कडी लावून जावं लागतं, आठ वर्षांचा आहे तो. म्हणून सुट्टी द्या, फुकट गेली तरी चालेल, पण रात्री आठच्या आत सांगा. आणि शाळा उघडी ठेवून एखादा वर्ग ज्यांना घरी कोणी नाही त्यांच्यासाठी ठेवता आला तर फार उपकार होतील.

घणसोलीची_आई
सुनीताताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी बसचाच विचार करत बसले होते. आत्ता मसुद्यात लिहिलं: रेड असेल, किंवा ऑरेंज आणि दुपारी मोठी भरती असेल, तर रात्री आठच्या आत सुट्टी. ८ जुलै २०२४ सारखा पाऊस रात्रीतून आला तर पहाटे पाचच्या आत निरोप, बस निघायच्या आधी, किंवा दोन तास उशिरा शाळा. एकदा मुलं आत आली की पालक किंवा बस दारात आल्याशिवाय कुणालाही सोडायचं नाही. आणि चालत येऊ शकणाऱ्या मुलांसाठी एक वर्ग उघडा.
सर, एक विचारायचंय, RTE म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंत २०० दिवस आणि सहावी ते आठवी २२० दिवस भरायलाच लागतात ना, मग या सुट्ट्या तुम्ही शनिवारी भरून काढता की दिवाळीच्या सुट्टीतून कापता? सोमवारी मीटिंग आहे, ट्रस्टी पहिला प्रश्न हाच विचारतील.

कोपरीतले_सर
शनिवारी. अर्धा दिवस असतो तो पूर्ण करतो. दिवाळीला हात लावू नका, निम्मी मुलं गावाला गेलेली असतात.