भांडुपच्या गाळ्यात पोटमाळा टाकायचाय, परवानगी नक्की कोणाची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

डोकं पार भंजाळलंय, म्हणून धागा काढतोय.

भांडुप पश्चिमेला एलबीएस रोडलगत आमच्या बाबांचा औद्योगिक गाळा आहे. सोसायटीची इमारत, तळमजला, साधारण ६५० चौरस फूट, उंची १६ फूट. १९८४ पासून बाबा तिथे दोन लेथवर जॉबवर्क करत होते. गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि काम थांबलं. एक लेथ विकली. दुसरी विकायची म्हटलं की ते विषय बदलतात.

बेत असा आहे. गाळ्याचे तीन भाग करायचे. मागे ती लेथ आणि माझं छोटं फॅब्रिकेशन. मधला भाग वहिनीला. ती घरून चिवडा, कडबोळी, शंकरपाळी विकते आणि दिवाळीच्या आधी महिनाभर आम्ही सगळे डब्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत जगतो. पुढचा भाग ओळखीच्या एका मुलाला भाड्याने, त्याचं थ्रीडी प्रिंटिंगचं काम आहे. एवढं सगळं मावायचं तर अर्ध्या गाळ्यावर लोखंडी गर्डर टाकून पोटमाळा हवा, वर पॅकिंग आणि बसायला एक टेबल.

कंत्राटदार म्हणतो, "या इस्टेटीत पोटमाळा नसलेला गाळा दाखवा, आठ दिवसांत उभा करून देतो." सोसायटीचे सेक्रेटरी काका ना हरकत पत्र द्यायला तयार आहेत. एक मित्र म्हणतो एमआयडीसीत अर्ज कर, दुसरा म्हणतो गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंद) असला की पुरे. कोणाचं ऐकू? पालिकेत जायचं तर कुठल्या खात्यात? गर्डरचा ॲडव्हान्स येत्या सोमवारी द्यायचाय.

निवृत्त_ड्राफ्ट्समन

सोमवारचा ॲडव्हान्स आधी थांबवा, मग पुढचं वाचा.

एमआयडीसीचा तुमच्याशी संबंध नाही. अंधेरी पूर्वेला मरोळच्या पट्ट्यात जमीन एमआयडीसीची आहे, तिथे नियोजन प्राधिकरणही तीच, आणि पोटभाडेकरू ठेवायचा तरी त्यांना विचारावं लागतं. भांडुपचा तुमचा गाळा महापालिकेच्या अखत्यारीत, म्हणजे विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू.

आता पोटमाळा. लोक एकच शब्द दोन गोष्टींना वापरतात आणि तिथेच फसतात. नियमावलीतला 'लॉफ्ट' म्हणजे फक्त सामान ठेवायची जागा, आतली उंची जास्तीत जास्त दीड मीटर. म्हणजे वाकून जायचं, खोकी ठेवायची, वाकूनच परत यायचं. माणूस उभा राहून काम करील, टेबल लागेल, असा मधला मजला केलात की तो मेझनाइन. तो एफएसआयमध्ये (भूखंडावर किती बांधता येतं त्या हिशेबात) मोजला जातो आणि त्याला मंजूर नकाशा लागतो. तुम्ही लिहिलंय ते दुसऱ्या प्रकारातलं आहे, कंत्राटदार त्याला काहीही म्हणो.

मार्ग असा, की नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा लायसन्स सर्व्हेअरमार्फत (नकाशे दाखल करायचा परवाना असलेला माणूस) पालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्यात सुधारित नकाशा दाखल करायचा, सोबत स्ट्रक्चरल इंजिनीअरचा दाखला. गर्डरचं वजन कोणत्या खांबावर जाणार ते कागदावर दिसलं पाहिजे. भिंती घालून तीन भाग करणं हाही नकाशातला बदल आहे. रंग, प्लास्टर, फरशी ही किरकोळ दुरुस्ती झाली, तिची गोष्ट निराळी.

पण या सगळ्याआधी एक काम. इमारतीचा शेवटचा मंजूर नकाशा मिळवा, ओसीबरोबरचा (ओसी म्हणजे इमारत वापरायचा पालिकेचा दाखला). सोसायटीच्या कपाटात असला तर नशीब. नसला तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. तो हातात येईपर्यंत इथे कोणी काहीही सांगितलं (मी धरून) तरी तो अंदाजच.

खैरानीचा_शेजारी

ड्राफ्ट्समन काकांशी शंभर टक्के सहमत. माझा गाळा साकीनाक्याला. मीही असाच 'सगळ्यांचा आहे' म्हणून पोटमाळा टाकला होता. पालिका कायद्याच्या कलम ३५१ ची नोटीस आली, म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचे कागद दाखवा. माझ्याकडे काय, तर कराची बिलं. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हे तेव्हा कळलं. शेवटी स्वतःच्या खर्चाने टाकलेलं स्वतःच्या खर्चाने कापून काढलं. ज्या कंत्राटदाराने टाकलं होतं त्यालाच कापायला बोलावलं, त्याने दोन्ही वेळा पैसे घेतले.

आणि एक. १८ डिसेंबर २०१७ ला खैरानी रोडवर फरसाणाच्या दुकानाला पहाटे आग लागली, १२ कामगार गेले. माळ्यावर झोपलेली माणसं होती. मी त्या सकाळी तिथून गेलोय. तुमच्या वहिनीची कढई खाली आणि पॅकिंगच्या बायका वर, एकच जिना, शेजारी तुमचं वेल्डिंग. रागावू नका, पण हे चित्र मला बघवत नाही.

मुलुंडची_माई

वहिनींसाठी लिहिते, मी स्वतः मसाल्यांचं करते. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी तर लागेलच, पण त्यांना वेगळा गाळाच बघा. लेथवरचं तेल आणि लोखंडाचा कीस उडतो तिथे चिवडा? तपासायला कोणी यायच्या आधी गिऱ्हाईकच नाक मुरडेल. शिवाय भांडुपला वीज महावितरणची. एकाच गाळ्यात तीन मीटर मागायला गेलात की तीन भागांचे कागद मागतील, म्हणजे फिरून पुन्हा नकाशापाशीच.

निवृत्त_ड्राफ्ट्समन

माईंचं बरोबर. गुमास्त्याबद्दल राहिलं होतं. २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यानंतर कामगार थोडे असतील तर ऑनलाइन सूचना देऊन भागतं. पण ती धंद्याची नोंद झाली, जागेचा वापर योग्य असल्याचा दाखला नव्हे. विजेवर यंत्रं चालवणाऱ्या कारखान्याला पालिकेचा कलम ३९० चा परवाना लागतो. बाबांच्या नावावर जुना असेल तर तो शोधा. त्यात कोणतं काम आणि किती अश्वशक्ती लिहिली आहे ते वाचा. फॅब्रिकेशन त्यात बसत नसेल तर वॉर्डच्या इमारत व कारखाने विभागात नव्याने अर्ज करावा लागेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. ॲडव्हान्स दिला नाही, कंत्राटदार फोन उचलायचा बंद झालाय. वहिनीला माईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, "मी हेच चार महिने सांगतेय, पण मी सांगितलेलं कोण ऐकतं?"

धागाकर्ता (पाच आठवड्यांनी)

नकाशा मिळाला. माहिती अधिकाराचं उत्तर यायचंच होतं, त्याआधी सेक्रेटरी काकांच्या पोटमाळ्यावरच्या (!) ट्रंकेत प्रत सापडली. पोटमाळा नकाशात नाही, हे अपेक्षितच होतं. पण आमचा गाळा त्यात ५६० चौरस फुटांचा आहे. मागचे ९० चौरस फूट, जिथे लेथ उभी आहे, ती नकाशात इमारतीच्या मागची मोकळी जागा दाखवली आहे. बाबांना विचारलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "त्या साली सगळ्यांनीच पत्रे पुढे घेतले होते रे." कुठलं साल ते त्यांना आठवत नाही, पण गाळा घेतला त्यानंतरचंच.

निवृत्त_ड्राफ्ट्समन

१ एप्रिल १९६२ च्या आधीचं बिगरनिवासी बांधकाम असतं तर गोष्ट वेगळी होती, बांधकाम तेव्हापासून असल्याचा पुरावा चालतो. तुमचं १९८४ नंतरचं, तिथे ती वाट नाही. सुधारित नकाशा टाकलात की हे ९० फूट पहिल्यांदा दिसणार, आणि पोटमाळ्याचा विचार त्यानंतर होणार. पत्रे काढून गाळा नकाशाप्रमाणे करा, मगच दाखल करा. मुलुंड-भांडुपकडचा एखादा लायसन्स सर्व्हेअर आधी येऊन मोजमाप घेऊ दे.

धागाकर्ता

तेच ठरवतोय. ५६० फुटांत लेथ, मी आणि थ्रीडी प्रिंटिंगवाला, मध्ये भिंत नाही, वर फक्त खोक्यांपुरता दीड मीटरचा लॉफ्ट, तोही नकाशात दाखवून. वहिनी मुलुंडला वेगळी जागा बघतेय. लेथ पुढे सरकवायला क्रेनवाला लागेल, ती अडीच टनांची आहे. या भागातला लायसन्स सर्व्हेअर आणि क्रेनवाला, दोघांपैकी कोणी कोणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.