जयपूरचा परकोटा आईसोबत पायी बघायचाय, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आईला घेऊन जयपूरला जातेय. आमेर, जलमहाल आधी झालंय. त्या खेपेला गाडीवाल्याने हवामहलासमोर पाच मिनिटं उतरवलं, फोटो झाले की चला. आईला ते फार लागलं. म्हणून यंदा दोन अख्ख्या सकाळी फक्त परकोट्यासाठी, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरासाठी ठेवल्यात.

१७२७ मध्ये सवाई जयसिंगांनी विद्याधर भट्टाचार्यांच्या मदतीने हे शहर नऊ चौकड्यांत (चौकोनी भागांत) आखून वसवलं. चांदपोल ते सूरजपोल असा पश्चिम-पूर्व सरळ रस्ता, त्याला काटकोनात छेदणारे बाजार, छेदतात तिथे चौपडी, म्हणजे मोठे चौक. नकाशावर हे लगेच कळतं, पण मला ते चालताना जाणवायला हवंय.

बेत असा: मेट्रोने चांदपोलला उतरून दरवाजातून आत शिरायचं आणि छोटी चौपड, त्रिपोलिया बाजार करत बडी चौपडीपर्यंत जायचं. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती सावकाश तासभर चालते, जिने मात्र नकोत. दुकानं उघडण्याआधी गेलो तर फुटपाथ मोकळा मिळतो का? मध्ये टेकायला जागा?

हवामहलात वरच्या मजल्यांवर पायऱ्यांऐवजी उतरणी आहेत म्हणे. त्यांचा चढ गुडघ्यांना झेपेल का, हे कुणी वयस्कर माणसाला नेलं असेल तर नक्की सांगा.

ईसरलाट मी एकटीच चढेन. १७४९ मध्ये जयसिंगांचे पुत्र, राजे ईश्वरीसिंगांनी हा सात मजली मनोरा बांधला आणि पुढच्याच वर्षी होळकरांची फौज चालून येताना त्यांनी जीव दिला. १७५१ च्या जानेवारीत याच शहरात मराठ्यांची कत्तल झाली. आपल्या इतिहासाचं हे पान दोन्हीकडून दुःखाचं आहे, म्हणून वरून एकदा शांतपणे शहर बघायचंय. तेवढा वेळ आई खाली कुठे बसू शकेल?

शेवटचं, आणि आईच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: मनिहारों का रास्ता, लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांची गल्ली. तिच्याकडे आजीची लाखेची एक बांगडी आहे, आतून काळपट, वरचे दोन आरसे निखळलेले. निखाऱ्यावर लाख मऊ करून, लाकडी दांड्यावर फिरवत तशी बांगडी घडवताना तिला बघायचीय. कारागीर सकाळी किती वाजता बसतात? आणि निखळलेले आरसे कुणी बसवून देतं का?