अनुभव धागा: वस्तीत मदत नेमकी कशी जमली?

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. आता पुन्हा पावसाळा तोंडावर आहे. महापालिका, पोलीस, आशाताई आणि रहिवासी यांनी मिळून तुमच्याकडे काय जमवलं ते लिहा. भाषणं नकोत, राजेहो.

अंबाझरीजवळून: बोट आमच्या गल्लीत आली तोवर वरच्या मजल्यावाल्यांनी खालच्यांना वर घेतलं होतं. शेजारच्या आजी दिवाणावर, फ्रिज आडवा होऊन पाण्यात, आणि आजींचं एकच, "आधी गोळ्यांचा डबा घे रे!" बोटवाल्यांनी विचारलं, अंथरुणाला खिळलेलं कोणी आहे का? ते धड सांगता आलं फक्त दूधवाल्याला. सोसायटीचे आम्ही सगळे पदाधिकारी एकमेकांची तोंडं पाहत होतो. आता यादी केली आहे: कोण एकटं राहतं, औषध कोणतं, मुलांचा फोन. मृगाआधी ती तपासतो. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक चौकीदाराकडे.

मानेवाडा: एकट्या म्हाताऱ्यांची यादी चौकीदाराकडे? आमच्याकडे यावरूनच बैठक मोडली होती. चौकीदार दर दोन महिन्यांनी बदलतो, बाप्पा. शेवटी प्रत फक्त बीटच्या पोलिसाकडे आणि आशाताईंकडे ठेवली. कटकट झाली, पण बरोबर झालं.

एक आशा: मीच ती आशाताई, असं समजा. लोक दार उघडत नाहीत आणि ग्रुपवर विचारून राहिले, "मॅडम, लसीकरण कधी?" आमच्या भागात एका काकूंनी ओटा दिला. वर ताडपत्री, दोन खुर्च्या, माठ. लसीकरण तिथंच होते. नवतपाच्या कडक उन्हात पारा ४५च्या वर गेला की ओआरएसची पाकिटंही तिथंच ठेवते. बाया स्वतःहून येतात आणि बोलता बोलता कोणाच्या घरी कोण आजारी आहे तेही समजते. मला दारोदार फिरून इतकं कधी कळलं नव्हतं.

इतवारी: आमच्याकडे मारबतीच्या मिरवणुकीची वर्गणी गोळा करणारी पोरंच कामाची. घरन् घर पाठ आहे त्यांना.

धरमपेठ: तातडीला ११२. ज्येष्ठांसाठी १४५६७, पण ते सकाळी ८ ते रात्री ८. पहाटेच्या पुरात त्याच्या भरवशावर राहू नका.

मानेवाडा: अंबाझरीवाले, यादीचा कोरा नमुना टाका ना. आमच्यात औषधांचा रकाना नाही.