मदत हवी आहे: जबड्याखालची सूज हटत नाही, दात मात्र चांगले आहेत म्हणे

निशिगंध: उजव्या जबड्याखाली सूज येऊन आठवडा झाला, दुखतंय. दंतवैद्यांनी एक्स-रे काढून दात चांगले आहेत म्हणून सांगितलं. पाच दिवस अँटिबायोटिक घेतलं, सूज तशीच. आता कुणाकडे जाऊ? लवकर सांगा, कामात लक्ष लागत नाहीये.

पाऊलवाट: अक्कलदाढच असणार. माझी छोट्या एक्स-रेत दिसलीच नव्हती, पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, काढल्यावर आडवी सापडली. ओपीजी काढा.

निशिगंध: चारही अक्कलदाढा सहा वर्षांपूर्वीच काढल्यात.

पाऊलवाट: अहो, हे आधी लिहायचं ना!

चकोर: रात्री दात खाता का? मी दोन वर्षं जबड्याच्या सांध्याने हैराण होतो, झोपताना दातांवर घालायचं नाइट गार्ड लावल्यापासून आराम आहे.

सरळरेघ: चकोर, सांध्याचं दुखणं कानापुढे असतं, जबडा कटकट वाजतो. सूज सहसा अशी खाली येत नाही. निशिगंध, ताप आहे का? तोंड किती उघडतं? आपलीच तीन बोटं एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. गिळता येत नसेल, जिभेखालचा भाग टणक होऊन जीभ वर उचलली जात असेल किंवा श्वास अडत असेल, तर इथे थांबू नका, आत्ता इस्पितळ गाठा.

निशिगंध: ताप नाही. तीन बोटं जातात, गिळताही येतं.

मोरपीस: गरम पाण्याच्या पिशवीने शेका, उतरेल.

पाऊलवाट: शेकू नका! दाढेत पू झाला होता तेव्हा मी रात्रभर शेकलं, सकाळी सूज डोळ्यापर्यंत चढली होती.

मोरपीस: त्यांचे दात चांगले आहेत, वाचलंत का?

सरळरेघ: सूज दिवसभर सारखीच असते?

निशिगंध: नाही. जेवायला बसलं की दोन घासांतच सुपारीएवढी फुगते, तासाभराने कमी होते. आंबट खाल्लं तर कळ येते. पण त्याचा काय संबंध?

सरळरेघ: सगळा संबंध तिथेच आहे! जबड्याखाली लाळेची ग्रंथी असते. तिची नळी पुढे जाऊन जिभेखाली उघडते. नळीत खडा अडकला की जेवताना सुटलेली लाळ मागे तुंबते आणि ग्रंथी फुगते. लाळेचे सुमारे ८० टक्के खडे याच ग्रंथीत होतात, कारण तिची लाळ दाट आणि नळी चढती. माझ्या वडिलांना हेच झालं होतं, दोन महिने दातांवरच उपचार चालले. दातांच्या छोट्या एक्स-रेत खडा निसटू शकतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, ते सोनोग्राफी सांगतील. लहान खडा कधी भरपूर पाणी, शेक आणि मागून पुढे हलक्या मालिशने सुटतो, नाहीतर काढावा लागतो.

मोरपीस: म्हणजे शेक बरोबरच होता.

पाऊलवाट: निदान व्हायच्या आधी नव्हता.

चकोर: माझं गार्ड हल्ली सैल झालंय, नवीन करावं लागेल का?

निशिगंध: आरशात बघितलं. जिभेखाली उजवीकडे तांदळाच्या कणीएवढा पिवळट ठिपका आहे, बोटाला खरखरीत लागतो. सुईने काढू?

सरळरेघ: अजिबात नको! नळीला जखम झाली तर ती भरताना नळीचं तोंड आवळतं, मग पुन्हा लाळ तुंबणार. ठिपक्यातून पू आला किंवा ताप चढला तर आजच जा.

निशिगंध: पू नाही. उद्या सकाळी साडेदहाचा नंबर मिळालाय. जेवणावर सूज येते हे तिथे आधी सांगते.