सेला : म्हणायचं की गाळायचं?

प्रश्न : बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत काही ओळींपुढे कंसात 'सेला' असतं. परवा प्रार्थनेत एका मुलीने ते 'आमेन'सारखं ठसक्यात म्हटलं. शेजारच्या काकू पुटपुटल्या, "ते म्हणायचं नसतं गं." बरोबर कोण? आणि शब्दाचा अर्थ काय?

— मी काकूंच्या बाजूचा. आरतीच्या पुस्तकात ॥धृ॥ छापलेलं असतं, ते कुणी 'ध्रु' म्हणून गात नाही. तिथून ध्रुवपदाकडे वळतात. सेला बहुधा त्याच जातीचं. स्तोत्रांत ते ७१ वेळा येतं आणि बायबलमधल्याच हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३ऱ्या अध्यायात ३ वेळा. तो अध्यायही गायचाच. शेवटी गवयासाठी तंतुवाद्यांची सूचना आहे. इसवी सनापूर्वीच्या ग्रीक भाषांतरात सेलाच्या जागी 'दियाप्साल्मा' आहे, म्हणजे मधला वाद्यांचा तुकडा असावा. काही जण 'सालल्' (उचलणे) या धातूवरून 'आवाज चढवा' असा अर्थ लावतात. एकमत नाही.

— मधला तुकडा म्हणता, पण ३, २४ आणि ४६ ही स्तोत्रं सेलावरच संपतात! गाणं संपल्यावर कसला मधला तुकडा?

— पुढचं स्तोत्र लगेच सुरू होत असेल तर? पण मान्य, अडचण आहे.

— स्तोत्रांच्या माथ्यावरचे शिरोलेखही बघा, ते आपल्या ओळखीचे वाटतील. २२व्या स्तोत्रावर 'पहाटेची हरिणी' लिहिलंय आणि स्तोत्रात हरिणीचा पत्ता नाही. ५७, ५८, ५९ आणि ७५ यांच्यावर 'नाश करू नको'. बहुतेक अभ्यासक ही त्या काळच्या गाण्यांची नावं मानतात. जुन्या नाट्यपदांवर 'चाल :' छापायचे, तसंच. चाल गेली, नाव उरलं.
जाता जाता : हिब्रू नाव 'तेहिलीम' म्हणजे स्तवनं, ग्रीक 'प्साल्मोस' तार छेडण्यावरून आलं. 'स्तु' धातूवरचं आपलं 'स्तोत्र' हिब्रूच्या जवळ राहिलं, तार मात्र हरवली.

— मुलीची बाजू कुणीच घेत नाही म्हणून लिहिते. यहुदी परंपरेत सेला सर्रास उच्चारतात. तालमूद या यहुदी धर्मग्रंथात 'नेत्साह', 'सेला' आणि 'वा-एद' हे तिन्ही शब्द 'कधीही न खंडणारं' अशा अर्थाचे धरलेत. बायबलचा जुना भाषांतरकार जेरोम यानेही हिब्रूवरून लॅटिन करताना 'सेम्पेर' (सदा) घातलं. रोजच्या 'अश्रे' प्रार्थनेची सुरुवात ८४व्या स्तोत्रातल्या ओळीने होते : तुझ्या घरात राहणारे धन्य, ते तुझी स्तुती करत राहतील, सेला. तिथे ते तोंडाने म्हणतातच. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएली यहुदी मंडळींना विचारा, त्यांच्या कानांना ते खटकणार नाही.

— म्हणजे खूण होती, पुढे शब्द झाली?

— मला तसंच वाटतं. फक्त 'आमेन'चा ठसका तिथे नको. आमेन ऐकणाऱ्यांनी म्हणायचं असतं, सेला ओळीतच मुरलेलं आहे. मुलीला सांगा, म्हण, पण ओळीच्या सुरातच.